अठरा नंबरचं पुढे काय झालं?

परवा कपाट आवरताना माझी एक जुनी टाचणवही हाती लागली. कडा कुरतडलेल्या, शाई पुसट झालेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी या वह्या रद्दीत घालायला हात धजत नाही. चाळता चाळता डिसेंबरातलं एक पान आलं आणि समासात लाल शाईनं माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं : 'अठरा नंबरचं पुढे काय झालं? - उद्या सांगणे.'

क्षणात तो वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. आठवी ब. तारीख १४ डिसेंबर होती म्हणून त्या दिवशी पाठ बाजूला ठेवून मी मुलांना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांची गोष्ट सांगितली होती. वर्ग अगदी चिडीचूप. तास संपता संपता शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तो गेला. पण त्याच्या स्क्वाड्रनचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. शिक्षकाच्या सवयीनं म्हणाले, "उद्या सांगते." तो उद्या काही उजाडला नाही. आज सांगते.

आधी स्क्वाड्रन म्हणजे काय ते. लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमानं असतात. ती उडवणारे वैमानिक, ती सांभाळणारे तंत्रज्ञ, एक नंबर, एक बोधचिन्ह आणि एक ब्रीद. शाळेच्या भाषेत सांगायचं तर एक तुकडी. मुलं दरवर्षी बदलतात, बाई बदलतात, बाकंसुद्धा बदलतात, पण 'आठवी ब' ती 'आठवी ब'च राहते.

आपल्या हवाई दलाची १८ नंबरची स्क्वाड्रन १५ एप्रिल १९६५ रोजी उभी राहिली. टोपणनाव 'फ्लाइंग बुलेट्स', ब्रीद 'तीव्र और निर्भय'. विमानं होती नॅट. नॅट म्हणजे चिलीट! इंग्रजांनी नाव अगदी शोभेसं दिलं होतं. या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजले तर सात मीटरसुद्धा भरत नाहीत. म्हणजे आमच्या वर्गात आडवं उभं केलं असतं तर बहुधा मावलं असतं. समोर पाकिस्तानकडे अमेरिकन सेबर विमानं, अंगापिंडानं कितीतरी मोठी. पण नॅट चपळ, चटकन वळणारं, आणि एवढं छोटं की शत्रूला ते लवकर दिसायचंच नाही. १९६५ च्या युद्धातल्या कामगिरीनंतर त्याला 'सेबर स्लेयर' म्हणू लागले. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं परवान्यानं तयारही होत होती.

१९७१ साली मी पुण्यात बी.ए.ला होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, संध्याकाळी भोंगा वाजला की दिवे बंद, आणि रेडिओभोवती सगळा वाडा गोळा. तेव्हा श्रीनगरला काय चाललं होतं हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

१९४९ च्या युद्धबंदी करारापासून काश्मीरच्या खोऱ्यात लढाऊ विमानं ठेवली जात नव्हती. युद्धाचे ढग जमले तेव्हा १८ नंबरच्या नॅटची एक तुकडी श्रीनगरला पाठवण्यात आली. तिथूनच पुढे या स्क्वाड्रनला 'काश्मीर खोऱ्याचे रक्षक' हे नाव मिळालं. हे वैमानिक मैदानी मुलखातले. समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरहून उंच असलेला तळ आणि डिसेंबरातली थंडी त्यांच्या सवयीची नव्हती. त्यात चहूबाजूंनी डोंगर. शत्रूची विमानं दिसायची तीच मुळी अगदी शेवटच्या मिनिटाला.

१४ डिसेंबरच्या सकाळी सहा सेबर आली. त्या वेळी दोन मिनिटांत उड्डाण करायच्या तयारीत दोन नॅट उभी होती. एकात फ्लाइट लेफ्टनंट घुम्मण आणि दुसऱ्यात सेखों. घुम्मण आधी उडाले. सेखोंच्या विमानानं धाव घेतली तेव्हा धावपट्टीवर बॉम्ब पडू लागले होते. त्या धुरळ्यातून तो वर गेला आणि थेट सेबरच्या मागे लागला. घुम्मण यांची आणि त्याची चुकामूक झाली, आणि मग झाडांच्या उंचीवर एकटं नॅट आणि सहा सेबर अशी लढाई झाली. शेवटी नॅट कोसळलं. विमानाचे अवशेष तळाजवळच्या एका घळीत सापडले. सेखोंचा देह मात्र पुष्कळ शोधूनही मिळाला नाही. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आजवर हवाई दलाच्या वाट्याला आलेलं हे एकमेव परमवीर चक्र.

इथे इतिहासाची शिक्षिका म्हणून एक सांगायला हवं. त्याच्या मानपत्रात लिहिलं आहे की त्यानं एका सेबरवर अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. पाकिस्तानी बाजू म्हणते की आमची सहाही विमानं परत आली. वर्गात मी फक्त पहिली बाजू सांगितली होती. आज सांगायची झाली तर दोन्ही सांगेन. मुलं बिथरत नाहीत हो, आपण उगाच घाबरतो. कारण किती विमानं पडली यावर दोन बाजूंचं जमत नसलं, तरी बॉम्ब पडत असताना तो उडाला, एकटा होता आणि पळाला नाही, यावर कोणाचंच दुमत नाही. त्याला पाडणाऱ्या बाजूच्या लेखनातही त्याचं मोकळ्या मनानं कौतुक केलेलं आहे. परमवीर चक्र पाडलेल्या विमानांच्या बेरजेवर मिळत नाही. ते त्या उड्डाणाचं आहे.

तर आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. पुढे काय झालं?

नॅटचा जमाना संपला. पुढे १८ नंबरकडे आली मिग-२७. मूळचं रशियन विमान, पण आपल्याकडे परवान्यानं बनवलं जायचं ते कुठे, तर आमच्या नाशिकजवळ ओझरला! हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आमची शाळा निफाड तालुक्यातली. शिकवताना डोक्यावरून विमान गेलं की खडू तसाच हातात धरून थांबावं लागायचं. मुलं खिडकीकडे धावायची आणि मी रागवायची. माझे काही विद्यार्थी पुढे त्याच कारखान्यात कामाला लागले. त्या विमानांतलं एखादं १८ नंबरकडेही गेलं असेल. उत्तर असं डोक्यावरून घरघरत जात होतं आणि मी म्हणत होते, "खिडक्या लावून घ्या रे!"

नोव्हेंबर २०१५ मध्ये या स्क्वाड्रनला राष्ट्रपतींच्या हस्ते निशाण मिळालं. फार मोठा मान. आणि पाचच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१६ ला, बरोबर एक्कावन्नाव्या वाढदिवशी ती बंद झाली. मिग-२७ जुनी झाली होती आणि त्यांच्या जागी द्यायला नवी विमानं नव्हती.

हवाई दल याला 'बंद' म्हणत नाही. त्यांचा शब्द आहे 'नंबर-प्लेट करणे'. म्हणजे विमानं जातात, माणसं दुसरीकडे पांगतात, पण नंबर, चिन्ह आणि इतिहास जपून ठेवला जातो. पुन्हा विमानं आली की त्याच नंबरानं हजेरी सुरू.

१८ नंबरची हजेरी चार वर्षांनी सुरू झाली. १ एप्रिल २०२० रोजी तमिळनाडूत कोइमतूरजवळच्या सुलूर तळावर ती पुन्हा उभी राहिली आणि २७ मे २०२० ला, सगळा देश टाळेबंदीत असताना, तिला तेजस विमानं मिळाली. आपल्याच देशात आखलेली आणि बांधलेली. नॅटसारखंच तेही लहान चणीचं, एका इंजिनाचं. चिलटाची गादी बरोबर चिलटालाच मिळाली म्हणायची.

पण सगळ्यांचंच नशीब असं नसतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा २३ नंबरचीही पाटी उतरली. १९६५ च्या ३ सप्टेंबरला नॅटनं पहिला सेबर पाडल्याचं श्रेय जिच्या ट्रेव्हर कीलर यांना मिळालं, तीच ही स्क्वाड्रन. मंजूर स्क्वाड्रन ४२, आणि त्या दिवशी उरल्या २९. नंबर जपून ठेवणं चांगलंच, पण नुसत्या नंबरानं आकाश राखता येत नाही. त्याला वेळेवर विमानं लागतात. मानाचं निशाण मिळाल्यावर पाच महिन्यांत पाटी उतरावी लागली, यात वैमानिकांची काय चूक?

हे लिहिताना मला राहून राहून माझी आठवी ब आठवते आहे. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी पटसंख्या घटली आणि ब तुकडी बंद झाली. मराठी शाळांचं सध्या काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. तुकडी कमी झाली म्हणून कोणी निशाण गुंडाळलं नाही की चिन्ह जपून ठेवलं नाही. एके दिवशी दारावरची पाटी काढली, बाकं दुसऱ्या वर्गात नेली. संपलं. आपल्याकडे शाळेची तुकडी 'नंबर-प्लेट' करायची पद्धत असती तर, असं उगीच वाटून गेलं. 'आत्ता मुलं नाहीत, पण नंबर राखून ठेवला आहे,' एवढं म्हणणारं कोणी असतं तर...

असो. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस तिथूनच उडालं. बातमी पाहताना मला आमच्या वर्गाच्या खिडक्याच दिसत होत्या. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला असेल. कुठे आहे, माहीत नाही. त्याच्यापर्यंत हे पोचेल की नाही तेही माहीत नाही. टाचणवहीतल्या त्या ओळीपुढे मात्र मी आज बरोबरची खूण केली आणि लिहिलं : 'अठरा नंबर हजर.'

आणि वही पुन्हा कपाटात ठेवली. रद्दीत नाही.