‘टेम्परन्स’ : एका शब्दाचा इतिहास

तीस वर्षें मीं शाळेंत इंग्रजी शिकविलें. ‘टेम्परन्स’ म्हणजे मद्यपान न करणें, असा अर्थ मी फळ्यावर लिहीत असें. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, पोलादाला पाणी देण्याच्या कामींहि ‘टेम्पर’ म्हणतात. हा तोच शब्द का?” “विषयांतर नको,” असें दरडावून मीं त्यास खालीं बसविलें.

प्रश्न रास्त होता. शब्दाचें मूळ लॅटिन ‘टेम्पेरारे’ या क्रियापदांत आहे. योग्य प्रमाणांत मिसळणें, हा त्याचा अर्थ. रोमन लोक द्राक्षासवांत पाणी मिसळून पीत, त्यासहि हेंच क्रियापद लावीत. पोलादाचा कठीणपणा व चिवटपणा यांचा मेळ घालणें तें ‘टेम्पर’. ‘टेम्परेचर’ हा शब्दहि त्याच कुळांतला. प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथांत सांगितलेल्या चार सद्गुणांपैकीं ‘सोफ्रोसिनी’ या गुणासाठीं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत सिसेरोनें ‘टेम्पेरान्शिया’ हा शब्द योजिला. त्यांत क्रोध, लोभ, वासना या सर्वांचेंच नियमन अभिप्रेत होतें.

मग हा शब्द मद्यापुरता कसा आकसला? १८२६ सालीं बोस्टन येथें ‘अमेरिकन टेम्परन्स सोसायटी’ निघाली. प्रथम तिचा रोख भट्टीच्या कडक दारूवर होता. पुढें १८३२ सालीं इंग्लंडांतील प्रेस्टन गांवीं जोसेफ लिव्हसीप्रभृति सात जणांनीं बिअरसुद्धां सर्व मद्य वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली. अमेरिकेंत १९२० सालीं घटनादुरुस्तीनें दारूबंदी झाली व १९३३ सालीं ती उठली. प्रमाणाचा शब्द असा वर्जनाचा झाला.

मद्यत्यागाचें मोल मी कमी लेखीत नाहीं. दारूनें उद्ध्वस्त झालेल्या घरांतील मुलें मीं वर्गांत पाहिलीं आहेत. अशा घरास ‘प्रमाणांत घ्या’ हा उपदेश कामाचा नाहीं. तेथें प्रतिज्ञाच हवी.

परंतु आपल्या भाषेकडे पाहा. ‘संयम’ शब्दांत यम्, म्हणजे आवरणें, हा धातु आहे. ‘मित’ शब्दांत मा, म्हणजे मोजणें. जुना ‘टेम्परन्स’ या दुसऱ्याचा आप्त. मिताहारी जेवण टाकीत नाहीं, मितभाषी बोलणें सोडीत नाहीं.

मीं जन्मांत मद्यास स्पर्श केला नाहीं. तरी त्या मुलास दरडावतांना माझ्या ठायीं ‘टेम्परन्स’ नव्हता, हें निवृत्तीनंतर शब्दकोश चाळतांना उमगलें. आज तो भेटला, तर त्याचा प्रश्न प्रथम ऐकून घेईन.