माळवदावरची माती

मृग लागायच्या आत धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत एक काम ठरलेलं असायचं. माळवदावर माती टाकायची. गावाच्या जुन्या पांढरीतून माती आणायची, पाणी मारून पसरायची, पायाने तुडवायची, बडवून पन्हाळाकडे उतार काढायचा. झाली पावसाळ्याची सोय. काम इतकं साधं की त्याचा इतिहास लिहावा असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं तो लिहायला हवा, कारण याच मातीखाली पुढे माणसं गेली.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. दगडी भिंती किंवा लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उजेडासाठी मधे एक भोक, त्याला साणं म्हणतात. कोकणात असलं घर एक पावसाळाही काढणार नाही. आपल्याकडे पाऊस कमी, ऊन कडक. जाड माती दुपारी घर थंड ठेवते. शेतातली काळी माती मात्र इथे चालत नाही. ती उन्हात भेगाळते आणि पहिल्याच सरीचं पाणी थेट घरात येतं. पांढरी माती वाळताना तेवढी तडकत नाही.

तरीही माळवद गळायचंच, आणि गळती शोधणं सोपं नाही. पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. वर कुठेतरी आत येतं, फळीवरून, तुळईच्या कडेने सरकतं आणि चार हात लांब चुलीवर पडतं. जुन्या मोटरबोटीचंही तसंच: पाणी बाकाखाली साचतं, पण येतं वरच्या खिडकीच्या चौकटीतून नाहीतर एखाद्या स्क्रूच्या भोकातून. माळवदावर संशयाच्या जागा म्हणजे साण्याची कड, पन्हाळाचं तोंड, कठड्याचा सांधा, उंदराचं बीळ, गवताची मुळं. भर पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर जायचं आणि टाचेने माती दाबत फिरायचं. जागा सापडली तर उत्तम. नाही सापडली तर हमखास उपाय एकच: पुढच्या वर्षी सगळीकडे आणखी थोडी माती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. मूळ बग मिळत नाही, पॅच चालतो, म्हणून खालचं कुणी उकरत नाही. माळवद उकरायचं तर फळ्या उघड्या पडणार, आणि तेवढे दिवस संसार कुठे न्यायचा? म्हणून दरवर्षी दोन बोटं माती. थोडी पावसात वाहून जायची, बाकीची राहायची. आजोबाने टाकलेल्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर मुलाची. असं होत होत कित्येक घरांवर फूट-दोन फुटांचा थर चढला.

गणित करून बघा. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. त्यावर दोन फूट माती, म्हणजे सुमारे ५.७ घनमीटर. घनमीटरला १,६०० किलो धरले तर ९ टन. एका खोलीवर! ओली झाली की आणखी जास्त. बोटीत एवढं वजन वाढलं तर ती पाण्यात खाली बसते, काठावरच्या माणसालाही दिसतं. घर तसं काही दाखवत नाही.

आणि हे वजन पेलणारी भिंत कशी? आत-बाहेर दगडाचे दोन पदर, मधे दगड-मातीची भर, जोडायला चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक नसायचाच. छताच्या कडेने झिरपलेलं पाणी याच भिंतीत उतरायचं आणि भिंतीला पोट यायचं. गळतीने भिंत कच्ची केली, गळतीवरच्या उपायाने छत जड केलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र किल्लारीजवळ. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ पर्यंत तो सगळा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. इकडे सास्तूरसारखी गावं भुईसपाट झाली. सरकारी हिशेबाने सुमारे ८,००० माणसं गेली. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी कितीतरी होतात, पण क्वचितच इतके बळी घेतात. इथे भिंतींचे पदर सुटले आणि वरून माती आली. सिमेंटच्या ढिगाऱ्यात कुठेतरी पोकळी राहते. माती सगळ्या फटी भरून टाकते.

नंतर ‘अडाणी बांधकाम’ हा शब्द फार ऐकू आला. मला तो पटत नाही. दरवर्षीचा निर्णय त्या वर्षापुरता बरोबरच होता. बेरीज मात्र कुणी केली नाही. गवंड्याच्या डोक्यात पाऊस होता, आणि सरकारी भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शिवाय ज्या घरांत छताचं वजन लाकडी खांबांवर होतं, त्यांतल्या काहींच्या भिंती कोसळल्या तरी माळवद जागेवर राहिलं. ते खांब उभे करणाऱ्या सुताराला अडाणी कसं म्हणायचं?

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. कमी नुकसान झालेल्या गावांत जुनी घरं मजबूत करायच्या सूचना आल्या: भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांना जखडा, कोपरे बांधा, माळवदावरची माती उतरवून पातळ थर ठेवा आणि पाण्यासाठी मधे प्लॅस्टिकचा कागद घाला. पिढ्यान्‌पिढ्या गाडीभर माती जे करत होती, ते काम एका कागदावर आलं.

पण बहुतेकांनी मिळालेल्या पैशात जुनं घर मजबूत करण्याऐवजी सिमेंटची नवी खोली बांधली. त्या रात्रीनंतर दगडाखाली कोण झोपेल? फक्त मागचं माळवद अनेक ठिकाणी तसंच राहिलं, कुठे जनावरांसाठी, कुठे म्हातारा-म्हातारीसाठी. काहींवर आता पत्रा आहे. गळती थांबली, पत्र्याखालची माती मात्र कुणी उतरवलेली नाही.

तुमच्या गावी असं माळवद असेल तर साण्याखाली उभे राहून वर बघा. तिथे मातीचा थर कापल्यासारखा दिसतो. टेप लावून जाडी मोजा. मीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, गुणिले १,६००. जे उत्तर येईल ते किलोत आहे.