सर ‘रिफ्रेशर’ला गेले म्हणजे नेमके कुठे गेले? प्राध्यापक आणि ऑफिस स्टाफच्या ट्रेनिंगबद्दल जाणून घ्या

नवी मुंबई : पनवेल, उरण, कर्जतच्या खेड्यातली मुलं एसटी नाहीतर लोकल पकडून कॉलेजला पोचतात आणि तिथे कळतं, ‘सर रिफ्रेशरला गेलेत, दोन आठवडे नाहीत.’ घरी मग एकच प्रश्न निघतो. पगार घेऊन शिकवायचं सोडून हे शिकायला कुठे जातात?

हे ट्रेनिंग हौसेचं नाही, सक्तीचं आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) प्राध्यापकांसाठी ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना ‘मानव संसाधन विकास केंद्र’ म्हणायला लागले आणि ५ सप्टेंबर २०२३ ला शिक्षक दिनी केंद्र सरकारने मालवीय मिशन सुरू केल्यावर ती ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र’ झाली. पाटी दोनदा बदलली, काम तेच. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत अशी केंद्रं आहेत. नवी मुंबईतली बहुतेक पारंपरिक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने इथल्या प्राध्यापकांना जवळचं केंद्र म्हणजे कलिना. आता बरेच कोर्स ऑनलाइनही होतात.

नवीन लागलेल्या प्राध्यापकाला सुमारे महिनाभराचं प्रवेश प्रशिक्षण असतं, त्याचं नाव ‘गुरुदक्षता’. नंतर आपल्या विषयातलं नवं शिकायला रिफ्रेशर. हा कोर्स पूर्वी तीन आठवड्यांचा असे, आता साधारण दोन आठवड्यांचा आहे. एक-दोन दिवसांची परिषद किंवा कार्यशाळा ही वेगळी गोष्ट. ती कॉलेजंही भरवतात, तिथे शोधनिबंध वाचले जातात, ओळखी होतात, सर्टिफिकेट मिळतं. पण त्या सर्टिफिकेटवर रिफ्रेशरची अट भागत नाही.

अट कसली, तर बढतीची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पहिली वरची श्रेणी पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. असेल तर ५ वर्षांनी आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षांनी मिळू शकते. सातव्या वेतन आयोगात म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० वरून ६८,९०० च्या श्रेणीत जाणं. नुसती वर्षं भरून चालत नाही, ठरलेले कोर्सही झालेले लागतात. म्हणून काही जण मन लावून शिकतात, तर काही जण कॅमेरा बंद करून सर्टिफिकेटची वाट बघतात. दोन्ही प्रकार आहेत, लपवण्यात अर्थ नाही.

खरी अडचण तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) प्राध्यापकांची. ग्रामीण कॉलेजांत अनेक विषय त्यांच्याच जिवावर चालतात. त्यांना पैसे तासाप्रमाणे, म्हणजे तास नाही तर मानधन नाही. दोन आठवडे ट्रेनिंगला गेले तर खिशाला चाट, आणि बढती तर त्यांच्या वाट्याला येतच नाही. कायम प्राध्यापकाला मिळते तशी कर्तव्य रजाही त्यांच्या पदरात सहसा पडत नाही. ज्यांना या शिकण्याची जास्त गरज आणि ज्यांच्या हाती जास्त मुलं, तेच बाहेर राहतात.

दुसरी बाजू ऑफिसच्या खिडकीची. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द आले. थिअरीचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट, आणि मुलाने मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये ऑनलाइन जमा व्हायला हवेत. ही नोंद, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, नावातली चूक, सगळं लिपिकाच्या टेबलावरून जातं. तो गोंधळला तर मुलाला ‘उद्या या’ ऐकावं लागतं, गाडीभाडं आणि मजुरीचा दिवस बुडतो. या केंद्रांत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठीही छोटे वर्ग घेतले जातात, पण चर्चा नेहमी प्राध्यापकांचीच. गावाकडच्या पालकाला लिपिकाचं ट्रेनिंग रिफ्रेशरपेक्षा कमी महत्त्वाचं नाही.

सर गेले तर तास कोण घेणार, हे प्राचार्यांना विचारायला हरकत नाही. पर्यायी व्यवस्था करणं कॉलेजचं काम आहे. शिवाय ‘नॅक’ मूल्यांकन झालेलं कॉलेज दरवर्षी गुणवत्ता अहवाल (एक्यूएआर) तयार करतं आणि तो बहुधा कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. मोबाइलवर उघडून त्यातला सहावा निकष बघा. वर्षभरात किती प्राध्यापकांनी कोर्स केले आणि ऑफिसच्या लोकांसाठी ट्रेनिंग झालं की नाही, ते आकडे तिथे सापडतात.