अपोहनाचा इतिहास आणि रुग्णाचा शीण

कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास सामान्यतः जीवदानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विलेम कोल्फ याने जर्मन अमलाखालील नेदरलंड्समध्ये १९४३ साली पहिले यंत्र चालविले आणि १९४५ साली एका वृद्धेचे प्राण त्यायोगे वाचले. तथापि तो उपचार तात्पुरता होता. वर्षानुवर्षे चालणारे अपोहन, म्हणजे डायलिसिस, १९६० साली सिॲटल येथे सुरू झाले. बेल्डिंग स्क्रिब्नर याने हाताच्या धमनीत व शिरेत टेफ्लॉनची नळी कायमची बसविली आणि क्लाइड शील्ड्स हा यंत्रकारागीर त्या आधारे ११ वर्षे जगला. शिणाचा प्रश्न येथूनच उद्भवतो. आठवडाभरात दगावणाऱ्याच्या थकव्याची नोंद कोण ठेवणार?

१९६२ साली तेथे स्वतंत्र केंद्र निघाले, तेव्हा यंत्रे मोजकी होती. कोणाला जगवावयाचे हे ठरविण्यास सात जणांची समिती बसली. तिने उमेदवाराचे कुटुंब, मिळकत व कामधंदाही विचारात घेतला. रुग्ण कामावर परतणे हीच सफलतेची खूण ठरली. अशा कसोटीपुढे थकव्याची तक्रार करण्यास मोठे धैर्य हवे! १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने हा खर्च सरकारी विम्यातून देण्याचा कायदा केला, त्याच्या मागेही बहुतेक रुग्ण पुन्हा कमावते होतील ही अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही.

दोष प्रथम रक्तक्षयाकडे गेला, आणि ते सयुक्तिकही होते. निकामी मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन पुरेसे निर्माण करीत नाही, त्यामुळे तांबड्या पेशी घटतात. हे संप्रेरक कृत्रिम रीतीने तयार होऊन १९८९ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. पुष्कळांची दुसऱ्याचे रक्त घेण्यातून सुटका झाली, अंगी बळ आले. परंतु शीण गेला नाही. हृदयविकार असलेल्या रुग्णांत तांबड्या पेशींचे प्रमाण निरोगी माणसाइतके वाढविण्याचा प्रयोग धोका दिसताच आवरावा लागला. त्याचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला.

किंबहुना उपचार स्वतःच थकवितो. दोन दिवसांत साठलेले पाणी चार तासांत काढले जाते, रक्तदाब उतरतो, आणि घरी परतलेला रुग्ण उरलेला दिवस अंथरुणावर काढतो. मोडलेली झोप व खिन्नता यांची भर पडते ती वेगळीच. वैद्यकाने मात्र अपोहन पुरेसे झाले की नाही हे रक्तातील युरियावरून मोजले. युरिया परीक्षानळीत सापडतो. शीण विचारल्याखेरीज कळत नाही.

२०१० नंतरच्या दशकात रुग्ण, त्यांचे आप्त व वैद्य यांनी मिळून अपोहनाच्या प्रत्येक चाचणीत मोजावयाच्या चार गोष्टी ठरविल्या. मृत्यू, हृदयविकार व रक्तवाहिनीचा मार्ग यांच्याबरोबर शीण हीही त्यांत आली. तिच्यासाठी तीनच प्रश्न योजिले आहेत: थकल्यासारखे वाटते का, अंगात बळ कमी वाटते का, आणि त्यापायी रोजचे व्यवहार अडतात का.