समुदाय (मुंबई उपनगरांच्या संदर्भात)

समुदाय : ठरावीक प्रदेशात राहणाऱ्या, जीवनाचे बहुतेक व्यवहार एकत्र करणाऱ्या आणि आपलेपणाची जाणीव बाळगणाऱ्या लोकांचा समूह. समाजशास्त्राची ही एक मूलभूत संकल्पना होय. फेर्डिनांट ट्यॉनीस यांनी १८८७ मध्ये आपुलकीवर उभे असलेले जीवन आणि करारावर उभे असलेले जीवन असा भेद मांडला. रॉबर्ट मॅकायव्हर यांनी स्थानिकता व समुदायभावना हे समुदायाचे दोन आधार मानले. विशिष्ट हेतूने स्थापलेले मंडळ याहून वेगळे.



प्रशासकीय पार्श्वभूमी : मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आले. १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती.

गावठाणे व कोळीवाडे : महानगर येण्यापूर्वीपासून साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांच्या जागी, नांदणारी आंबोली, मरोळ, गोराई ही गावे आणि वेसावे कोळीवाडा यांत समुदायाचे दोन्ही आधार आढळतात. येथील मराठीभाषक ख्रिस्ती रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांची ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ १८८७ मध्ये स्थापन झाली. लग्नात वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याच्या विधीत नातलगांबरोबर गावही सहभागी होते. शेते गेली, भोवती इमारती उठल्या, तरी क्रूस, विहीर आणि सण यांभोवती समुदायभावना टिकली. शहर वाढले की समुदाय विरतो, हे गृहीतक म्हणूनच येथे तपासून घ्यावे लागते.

गृहनिर्माण संस्था : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेली सोसायटी कायद्याने मंडळच ठरते. मात्र सत्यनारायणाची पूजा, गणपती, पाण्याची टंचाई आणि पुनर्विकासाच्या सभा यांतून काही ठिकाणी तिच्यात समुदायभावना रुजते. प्रवेश देताना जात, धर्म वा आहार पाहिला जातो तेथे हीच भावना इतरांना वगळते; समुदायाचा विचार करताना ही बाजू टाळता येत नाही.

झोपडवस्त्या : अनेक वस्त्यांत एकाच जिल्ह्यातून आलेली कुटुंबे शेजारी राहतात. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. मृतांचे स्मरण वस्ती दरवर्षी करते. सामायिक स्मृती हाही समुदायाचा आधार मानला पाहिजे.

लोकलमधील समूह : ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात जमणाऱ्या भजनी मंडळांत आपलेपणाची जाणीव आढळते, पण राहण्याचा सामायिक प्रदेश नसतो; म्हणून वरील अर्थाने ती पूर्ण समुदाय ठरत नाहीत.