वसुलीचा हुकूम आणि दाद मागण्याची वाट

सरकारी नोकराच्या हाती वेतननिश्चितीतील चुकीने चार पैसे जास्त पडतात. चूक कचेरीची, पण ती उघडकीस येते बहुधा निवृत्तीच्या तोंडावर, पेन्शनचे कागद तपासताना. मग वसुलीचा हुकूम निघतो. परभणीच्या माणसाने त्याविरुद्ध दाद मागावी कोठे? या प्रश्नाला इतिहास आहे.

१९५६ पर्यंत आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. उच्च न्यायालयासाठी हैदराबादची गाडी धरावी लागे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर त्याच लोहमार्गावरून उलट दिशेने निघायचे आणि मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठायची. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेस खंडपीठ बसू लागले, तेव्हा कोठे हा वनवास सरला. १९९१ साली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आले आणि राज्य सरकारच्या नोकरांचे वसुलीचे तंटे आधी तेथे जाऊ लागले. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली चंद्रकुमार खटल्यात ठरविले.

१८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह खटल्यात त्याच न्यायालयाने तृतीय व चतुर्थ श्रेणीचे नोकर, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा वेतन मिळालेले, यांच्याकडून वसुली करण्यास मनाई केली. आम्ही हा निकाल कामगारांना वाचून दाखवीत असू. पण २०१६ साली हरियाणातील एका न्यायाधीशाच्याच प्रकरणात निकाल आला, की जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र दिले असेल तर वसुली होऊ शकते. आणि हमीपत्रावर तर आमची माणसे न वाचताच सही करीत आली!

शेतकऱ्याची गोष्ट निराळी. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेतून आयकर भरणारे वगळलेले आहेत. आयकराचे दप्तर योजनेच्या यादीशी ताडून अनेकांकडे पैसे परत मागितले गेले. एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्याने का पाहावी, असे कोणी विचारील. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले खरे. परंतु २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी लाभांसाठी संमतीची अट सैल ठेवली, आणि मंडळाच्या अखत्यारीतील वादांत दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले.

तो शेतकरी सरकारी नोकर नव्हे. म्हणून न्यायाधिकरण त्याचे ऐकणार नाही. वसुलीच्या हुकमाविरुद्ध त्याला अनुच्छेद २२६ खाली खंडपीठापुढे रिट अर्ज करता येतो. योजनेची रक्कम वर्षाला ६,००० रुपये आहे. वकिलाची फी त्याने तिच्याशी ताडून पाहावी.