बदलीचे सामान

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकराच्या घरातील प्रत्येक वस्तूची परीक्षा सुरू होते. न्यावयाचे काय, विकावयाचे काय आणि शेजाऱ्यास देऊन टाकावयाचे काय, याचा निकाल चार दिवसांत लावावा लागतो. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या नियमांप्रमाणे चौथ्या स्तरापर्यंतच्या केंद्रीय नोकरास १,५०० किलो, पाचव्या स्तरावरील नोकरास ३,००० किलो आणि त्यावरील अधिकाऱ्यास ६,००० किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते. प्रस्तुत लेखक यांपैकी पहिल्या वर्गातला. रायपुरास बदलून आल्यावर त्याला एक मेज आणि एक कपाट हवे होते. कारखान्यातून आलेले नवे घ्यावे की जुन्या बाजारातले, यावर घरात आठवडाभर वाद झाला. पत्नी नव्याच्या बाजूची, मी जुन्याच्या. माझ्या पक्षास बळ मिळावे म्हणून मी थोडा इतिहास चाळला आणि त्यात माझाच पक्ष डळमळीत झाला.

आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न फारसा नव्हता. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरली आणि पुढे १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून येथील कारभार पाहिला. त्या काळच्या मराठी घरात जाजम, गादी, लोड, तक्के, पाट आणि चौरंग एवढ्यावर बैठक सजे. फडताळे व कोनाडे भिंतीतच असत. कपडे आणि दागिने पेटाऱ्यात राहत. हलविण्याजोगे जे होते ते गुंडाळून बैलगाडीवर चढविता येई, आणि जे हलविता येत नसे ते घराचाच भाग असे. म्हणूनच की काय, आपल्या भाषेत या वस्तूंची नावेही पाहुण्यांसारखी आली आहेत. ‘मेज’ फारसीतून आले, ‘खुर्ची’ अरबीतून आणि छत्तीसगडात ज्याला सारे ‘अलमारी’ म्हणतात तो शब्द पोर्तुगिजांकडून.

१८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि कचेरीबरोबर मेज-खुर्चीही येथे कायमची आली. परंतु ती येणार कशी? १८७७ मध्ये बाल नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आपल्या कुटुंबासह रायपुरास राहावयास आले, तेव्हाही येथवर रेल्वे नव्हती. अखेरचा लांबचा प्रवास त्यांना बैलगाडीने करावा लागला. अशा मुलुखात फिरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे सामानही त्या बेताचे असे. घडीची खुर्ची, पाय काढता येणारे मेज, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेली आणि मधोमध दोन भाग होणारी खणांची पेटी. अधिकाऱ्याची बदली झाली की जे न्यावयाचे नसेल त्याचा लिलाव होई, आणि साहेबाची आरामखुर्ची हळूहळू एखाद्या वकिलाच्या किंवा हेडक्लार्कच्या ओसरीवर येऊन विसावे. जुन्या सामानाचा आपला व्यापार असा बदलीच्या पोटीच जन्मला आहे.

मराठी कुटुंबांवरही अशी पाळी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील माणसे दोन राज्यांत वाटली गेली. चव्वेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड वेगळे झाले आणि तशीच वाटणी भोपाळ व रायपूर यांच्यामध्ये झाली. तारीख तीच, हा योगायोग. दोन्ही वेळा माणसांबरोबर त्यांचे संसार हलले. त्यांतले काही सोबत गेले, काही मागे राहिले.

एवढ्यावरून जुने तेच खरे, असा निष्कर्ष मी काढणार होतो. तेवढ्यात एका खुर्चीने मला अडविले. मुंबईच्या इराणी हॉटेलांत वाकविलेल्या गोल लाकडाच्या ज्या खुर्च्या आपण जुन्या जमान्याची खूण म्हणून कौतुकाने पाहतो, त्यांचे मूळ रूप व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये बाजारात आणले. बीच जातीचे लाकूड वाफेने मऊ करून ते वाकवीत. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची पूर्ण होई. सुटे केलेले छत्तीस नग एक घनमीटरच्या खोक्यात मावत. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. म्हणजे आपण जिला ‘जुनी’ म्हणून मान देतो, ती आपल्या काळी कारखान्यातली, स्वस्त आणि घाऊक वस्तू होती.

आपल्याकडील उदाहरण गोदरेजच्या कपाटाचे. १८९७ मध्ये मुंबईत कुलपांपासून सुरू झालेल्या या कारखान्याने पुढे तिजोऱ्या केल्या आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटे करावयास घेतली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या याच कारखान्याने बनविल्या. अशी कपाटे एका साच्यातली. त्यांत सुताराच्या हाताची खूण कोठेही नाही. तरीही लग्नात आलेले कपाट नात सासरी जाईपर्यंत टिकते. पोचा आला तर ठोकून काढता येतो, गंज आला तर घासून रंग देता येतो, किल्ली हरवली तर नवी करता येते.

तेव्हा भेद जुन्या-नव्याचा नव्हे, हाताच्या नि यंत्राच्या कामाचाही नव्हे. वस्तू पुन्हा उघडता, जोडता आणि दुरुस्त करता येते की नाही, एवढाच भेद आहे. या कसोटीवर आजचे स्वस्त नवे सामान पाहू. लाकडाचा भुगा व चुरा सरसाने दाबून केलेला पार्टिकल बोर्ड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत कारखान्यांतून निघू लागला. वाया जाणारे लाकूड कामी आले, हा त्याचा गुण कबूल केला पाहिजे. परंतु त्यातला स्क्रू एकदा काढून पुन्हा बसविला की त्याची पकड ढिली होते, आणि पाणी लागले की तो फुगतो. रायपुरातील मे महिन्यात प्रत्येक घरी पाण्याचा कूलर चालतो आणि लगेच पावसाळा येतो. असे कपाट एका जागी उभे राहील. दुसरी बदली ते सोसेल, याची खात्री कोणी देऊ नये.

जुन्याच्या बाजूने आंधळेपणाही नको. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण त्याच खोडाच्या बाहेरील फिकट लाकडाला ते बळ नसते. कोकणच्या दमट हवेतले मेज येथील कोरड्या उन्हाळ्यात चिरते. आणि वेताने विणलेल्या खुर्चीत ढेकूण असतात, हा पत्नीचा मुद्दा कोणत्याही इतिहासाने खोडून निघणारा नव्हता.

अखेर तोड निघाली. कपाट नवे घेतले, पण पोलादी. मेज जुने घेतले, पण ते पत्नीने पसंत केले. दुकानात तिने ते दोन्ही हातांनी गदगदा हलविले, खण बाहेर काढून हुंगले आणि मग मला उलटे करावयास सांगितले. खालच्या बाजूस जोड खुंट्यांनी बसविलेले होते. हातोडीने ठोकताच चारही पाय निघतील असे. त्याशेजारी पांढऱ्या रंगात एक पुसट आकडा होता. कोणत्या तरी कचेरीच्या डेड स्टॉक रजिस्टरातला तो असावा. आकडा वाचून ती म्हणाली, “म्हणजे हेही बदलून आलेलेच.”

त्या मेजावर हा लेख लिहिला. पुढच्या हुकुमाच्या वेळी पंधराशे किलोंत त्याचे वजन धरलेले आहे.